विषय कोणता निवडावा?

लिहावें असें पुष्कळांस वाटतें; लिहून चार पैसे मिळवावे असेंहि आतां पुष्कळांस वाटूं लागलें आहे. पूर्वीं या दुसऱ्या इच्छेचा उच्चार करण्याची आपल्या सुशिक्षित घरांतून चोरी असे. सरस्वतीच्या उपासकानें लक्ष्मीचें नांव काढूं नये, असा जणूं एक संकेतच होता. आणि त्या संकेतापायीं किती जणांनीं घरचीं भांडीं गहाण टाकलीं, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. आज तो संकोच मावळला, हें एका अर्थीं बरेंच झालें. पण संकोच गेला म्हणजे लगेच शहाणपण येतें असें नाहीं. 'मी एक नियतकालिक सुरू करणार आहें,' असें सांगत येणाऱ्या तरुणास 'कोणत्या विषयाचें?' म्हणून विचारलें, कीं तो क्षणभर आपल्याकडे पाहतो आणि म्हणतो, 'सर्वच विषयांचें.' या दोन शब्दांत त्याचें भविष्य लिहिलेलें असतें. तें आम्हांस वाचतां येतें, कारण तेच दोन शब्द एके काळीं आम्हींहि उच्चारले होते.

रविवारची गोष्ट

गेल्या आषाढांतील एका रविवारीं, दुपारचीं जेवणें आटोपल्यावर, आमचा पुतण्या सुपारीचा डबा घेऊन आमच्यापुढें येऊन बसला. तो अंधेरीस एका कचेरींत हिशेबनीस आहे. सकाळीं मुलुंडास आगगाडींत चढावें, घाटकोपरास उतरून मेट्रो पकडावी आणि संध्याकाळीं त्याच वाटेनें परतावें, असा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम आहे. २०१४ सालीं ही मेट्रो सुरू झाली तेव्हां त्याचा जाण्यायेण्याचा बराच वेळ वाचूं लागला. त्या वाचलेल्या वेळांत तो वाचूं लागला, आणि वाचतां वाचतां त्यास लिहिण्याची हौस उत्पन्न झाली.

'काका,' तो म्हणाला, 'नोकरीचा राजीनामा द्यावा म्हणतों. सहा लाख रुपये शिल्लक टाकले आहेत. एक मासिक पत्रिका काढतों. छापील प्रती थोड्या. बाकीच्यांस ती भ्रमणध्वनीवरून घरपोंच होईल. तुम्हीं पूर्वीं हें केलेलें आहे, म्हणून आधीं तुम्हांला विचारतों.'

स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबला. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आई, तेथें मागची आवराआवर करीत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण तो आवाज कां थांबला, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें.

१९८१ सालीं आम्हीं व आमच्या दोन मित्रांनीं मुलुंडाहूनच एक मासिक काढलें होतें. साहित्य, समाज, विज्ञान, संगीत, राजकारण, मुलांचा विभाग, महिलांचें पान, शब्दकोडें. वर्ज्य असें कांहींच नव्हतें. पहिल्या अंकाच्या पांचशें प्रती काढल्या. वर्षाचे वर्गणीदार १३७ झाले, आणि त्यांतले ९० तरी आमचे अगर मित्रांचे नातलग होते. नातलग वर्गणी भरतो ती आहेर म्हणून. आणि आहेर एकदांच होतो. नववा अंक छापखान्यांत अडकला तेव्हां वहिनींनीं हातांतल्या पाटल्या काढून आमच्यापुढें ठेवल्या. अकराव्या अंकानंतर मासिक बंद पडलें. पाटल्या सुटल्या नाहींत. त्या गोष्टीचा उच्चार वहिनींनीं पुढें कधींहि केला नाहीं, आणि म्हणूनच ती आम्हांस विसरतां आली नाहीं.

तेव्हां पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर देणें ही आमच्यापुरती केवळ सल्लामसलत नव्हती. तें एक जुनें देणें होतें. आम्हीं त्याच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, आणि मराठी नियतकालिकांत कोण तगलें व कां तगलें, याचा विचार करावयास बसलों. त्या विचारांतून जें हातीं लागलें तें अन्य घरांतील होतकरू मंडळींसहि उपयोगीं पडेल, या समजुतीनें येथें देत आहों.

जे तगले त्यांनीं काय केलें?

आरंभ अर्थात् बाळशास्त्री जांभेकरांपासून. ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं 'दर्पण' काढलें. मराठीचें हें आद्य वृत्तपत्र. त्यांत एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. शास्त्रीबोवांची विद्वत्ता त्या काळीं अद्वितीय मानली जाई. तरी १८४० च्या मध्यास 'दर्पण' बंद करावें लागलें. वर्तमानपत्र विकत घेऊन वाचणारा मराठी मनुष्य त्या वेळीं फार थोडा होता. संपादकाची योग्यता ही एक गोष्ट आणि गिऱ्हाइकाचें अस्तित्व ही दुसरी, हा धडा आमच्या वृत्तपत्रसृष्टीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

पुढें १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं 'बालबोध' मासिक सुरू केलें. ओक शिक्षणखात्यांतले, मुलें काय वाचतात आणि कोठें अडतात, हें त्यांनीं शाळाशाळांतून डोळ्यांनीं पाहिलेलें. मुलांसाठीं चरित्र, कविता, शास्त्रीय माहिती, क्षेत्र एवढेंच. १९१४ सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं हें काम चालविलें. तेहतीस वर्षें एकाच वाचकाशीं बोलत राहणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

काशीनाथ रघुनाथ आजगांवकर, ज्यांस सर्व महाराष्ट्र 'मित्र' या नांवानें ओळखतो, त्यांनीं १८९५ सालीं 'मासिक मनोरंजन' काढलें. विद्वज्जनांसाठीं 'विविधज्ञानविस्तार' होतेंच. यांनीं घरांत बसून वाचणाऱ्या कुटुंबाकडे, विशेषतः नव्यानें वाचूं लागलेल्या स्त्रियांकडे तोंड केलें. १९०९ सालीं त्यांनीं दिवाळीचा खास अंक काढला. दिवाळींत घरीं फुरसत असते, चार माणसें जमलेलीं असतात आणि खर्चाला हात सैल असतो. तो एक अंक आणि आज दरवर्षीं निघणारे शेंकडों दिवाळी अंक, यांमधील नातें वाचकांस सांगावयास नकोच.

किर्लोस्करवाडीचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. नांगर बनविणाऱ्या कारखान्याची पत्रिका म्हणून 'किर्लोस्कर खबर' १९२० सालीं निघाली. तिचे पहिले वाचक म्हणजे कारखान्याचे कामकरी, अडते व गिऱ्हाईक. म्हणजे वाचक आधीं होता आणि पत्रिका मागाहून आली. शंकर वासुदेव किर्लोस्कर हे चित्रकलेचें शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनीं त्या वाचकाला काय हवें तें ओळखून हळूहळू क्षेत्र वाढविलें. 'खबर' हा शब्द गळून केवळ 'किर्लोस्कर' राहिलें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' अशीं दोन भावंडें झालीं. ध्यानांत ठेवण्यासारखें हें, कीं तीनहि विषय त्यांनीं एकाच मासिकांत कोंबले नाहींत. प्रत्येक वाचकासाठीं स्वतंत्र दार ठेवलें.

पाकशास्त्राचीं पुस्तकें मराठींत नवीं नव्हतीं. १८७५ चें 'सूपशास्त्र' आहे, १९१० चें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' आहे. तरी १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' निघालें आणि घरोघर पोंचलें. वाटी व चमचा या घरच्या मापांत सर्व प्रमाणें दिल्यामुळें नवी सून एकटीनें बिऱ्हाड थाटून बसली तरी तिचें अडत नसे. जुनाच विषय, पण अडणारा वाचक नवा.

आणि १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांनीं 'कालनिर्णय' आणलें तेव्हां बाजारांत पंचांगें होतीं आणि दिनदर्शिकाहि होत्या. पंचांग ज्याला वाचतां येत नाहीं, परंतु चतुर्थी केव्हां आहे हें ज्याला दर महिन्यास पाहावें लागतें, असा लाखों घरांचा समुदाय मात्र कोणाच्या नजरेंत भरला नव्हता. तिथि व तारीख एका पानावर आली, मागच्या कोऱ्या पानावर पाककृति व आरोग्याचे लेख आले, आणि भिंतीवरचा खिळा त्यांनीं कायमचा आपला करून घेतला.

या सर्वांच्या चरित्रांत आम्हांस एकच सूत्र दिसलें. त्यांनीं आधीं मनुष्य निवडला आणि मग विषय. आम्हीं १९८१ सालीं विषयांची यादी केली होती; तो अंक हातांत घेणारा मनुष्य कोण, त्याची अडचण कोणती, हा प्रश्न आम्हां तिघांपैकीं एकाच्याहि मनांत आला नव्हता.

पांच कसोट्या

मुदत संपली तेव्हां आम्हीं पुतण्यास पांच कसोट्या लिहून दिल्या.

पहिली: या विषयाची गरज वाचकास पुनःपुन्हां पडते काय? मुंज घरांत क्वचित् निघते, पण किराणा दर महिन्यास लागतो. ज्याची गरज एकदांच पडते, त्याचें पुस्तक होईल. मासिक होणार नाहीं.

दुसरी: त्या विषयांत तुला अथवा तुझ्या घरास असें काय ठाऊक आहे, जें शेजाऱ्यास ठाऊक नाहीं? आवड पुरत नाहीं. आवडीनें तीन अंक निघतात. चौथ्या अंकापासून माहिती लागते.

तिसरी: आजच्या आज बसून पन्नास लेखांचे मथळे लिही. विसाव्या मथळ्यापाशीं लेखणी थांबली तर तो विषय तुझा नव्हे, अगर तो फार लहान आहे.

चौथी: पैसे कोण देणार, त्याचें नांव सांग. 'लोक देतील' हें उत्तर ग्राह्य नाहीं. कोणता मनुष्य, कोणत्या कामासाठीं, वर्षास किती रुपये देईल? वाचणारा आणि पैसे देणारा नेहमीं एकच असतो असें नाहीं. 'बालबोध' वाचीत मुलें, पण वर्गणीचे पैसे मुलांच्या खिशांतून कसे येणार?

पांचवीं: या विषयावर दुसरे कोण लिहितात? कोणीच लिहीत नसेल तर हुरळून जाऊं नये; ज्या गल्लींत एकहि दुकान नाहीं तेथें कदाचित् गिऱ्हाईकच नसेल. दुसरे लिहीत असतील तर त्यांच्या लेखनांत कोणता वाचक उपाशी राहतो तें पाहावें.

पुतण्यानें तीन विषय मनांत धरले होते. पहिला अर्थात् साहित्य व संस्कृति. चौथ्या कसोटीस तो ढांसळला. पैसे कोण देणार याच्या उत्तरांत त्यास पुन्हां मावशी, आत्या आणि शाळेंतले मित्र एवढेच आठवले. दुसरा विषय शेअरबाजार. त्यांत गिऱ्हाईक उदंड. परंतु या विषयावर लिहिणारे त्याहून उदंड, आणि आमच्या पुतण्यास त्यांतलें अधिक असें कांहींच ठाऊक नाहीं. शिवाय दुसऱ्याच्या पैशाविषयीं सल्ला देणें हें नियमांनीं बांधलेलें काम आहे. तेथें अर्धवट ज्ञान म्हणजे पाप. तिसरा विषय बोरीवलीचें अरण्य. हा आम्हांसहि मोहक वाटला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें शंभर चौरस किलोमीटरचें. एवढ्या मोठ्या शहराच्या हद्दींत बिबटे नांदतात, कान्हेरीचीं लेणीं आहेत, पक्षी आहेत. पण आठवड्यांतून सहा दिवस अंधेरीच्या कचेरींत बसणारा मनुष्य अरण्याविषयीं दरमहा नवें काय सांगणार? पन्नास मथळ्यांपैकीं त्याचे चौदाच झाले.

तीनहि विषय गेले. पुतण्या हिरमुसला. आम्हांसहि वाईट वाटलें. मार्ग बंद करणें सोपें असतें.

दाराशीं बसलेला विषय

त्याच दिवशीं संध्याकाळीं दारावरची घंटा वाजली. शेजारच्या रस्त्यावरील एका सोसायटीचे दोन वृद्ध सभासद आले होते. हातांत कागदांची पिशवी. 'वहिनी आहेत का?' असें त्यांनीं विचारलें.

येथें थोडें स्पष्टीकरण करावयास हवें. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. बोरीवली व मुलुंड १९५७ सालीं आलीं. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या चारहि गांवांत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या तीन-चार मजली इमारती भराभर उठल्या. कारकून, शिक्षक, बँकेंतले नोकर यांनीं भविष्यनिर्वाह निधि मोडून त्यांत दोन-दोन खोल्यांचीं बिऱ्हाडें घेतलीं. आज त्या इमारती गळतात, लोखंड गंजतें, आणि उद्वाहन नसल्यामुळें तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई महिनोन्महिने खालीं उतरत नाहींत. उपाय एकच उरतो, तो पुनर्विकास: विकासकानें जुनी इमारत पाडून नवी बांधावयाची, सभासदांस नव्या जागा द्यावयाच्या, आणि वाढीव चटईक्षेत्र विकून आपला खर्च व नफा काढावयाचा.

बोलावयास हें दोन ओळींत संपतें. करावयास घेतलें कीं वर्षें जातात. जमीन अद्याप मूळ मालकाच्याच नांवावर असते. मग मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यांतील कलम ७९(अ) खालीं शासनानें २००९ सालीं पुनर्विकासाचे नियम घालून दिले. त्यांच्या जागीं ४ जुलै २०१९ रोजीं नवे निर्देश आले. प्रकल्प सल्लागार कसा नेमावा, निविदा कशा मागवाव्या, विकासक निवडण्याच्या सभेस निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी कां हजर असावा, सभेचें चित्रीकरण कां करावें, एकूण सभासदांपैकीं ५१ टक्क्यांची संमति म्हणजे नेमकें काय, हें सर्व त्यांत आहे. खेरीज १९६० च्या त्याच कायद्यांत गृहनिर्माण संस्थांसाठीं २०१९ सालीं स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें, तें निराळेंच. आणि शेवटीं सभासदाच्या हातीं येतो तो जाडजूड इंग्रजी करारनामा, ज्यावर सही करून त्याला आपलें एकमेव घर रिकामें करावयाचें असतें. आयुष्यांतील सर्वांत मोठी सही, आणि तिच्यापूर्वीं विचारावयास कोणी नाहीं!

आमच्या इमारतीचा पुनर्विकास सहा वर्षें चालला. त्या सर्व काळांत संस्थेच्या कोषाध्यक्ष वहिनी होत्या. गणित विषय घेऊन पदवी घेतलेली ही बाई; परंतु त्या पदवीचा घरास उपयोग झाला तो साठी उलटल्यावर. त्यांनीं करारनाम्याचें कलम न् कलम वहींत मराठींत उतरवून काढलें. चटईक्षेत्राची व्याख्या दोन ठिकाणीं निरनिराळी दिली आहे, हें त्यांनींच सभेंत दाखवून दिलें. त्यामुळें प्रत्येक बिऱ्हाडामागें अठ्ठावीस चौरस फूट वाचले. तेव्हांपासून आसपासच्या सोसायट्यांतील मंडळी संध्याकाळीं आमच्याकडे कागद घेऊन येतात, चहा घेतात, आणि वहिनींस विचारून जातात. आम्हीं त्यास एक उपद्रव समजत होतों.

त्या संध्याकाळीं पुतण्या आईच्या बाजूस वही घेऊन बसला. पाहुणे गेल्यावर त्यानें आमच्यापुढें कागद धरला. दीड तासांत त्या दोघांनीं एकोणीस प्रश्न विचारले होते. थकलेलें भाडें कसें वसूल करावें; विधवा सभासदाच्या नांवावर जागा नसेल तर सही कोणाची; एकत्र कुटुंबांतील दोन भावांस दोन निरनिराळ्या जागा मागतां येतील काय; जुन्या इमारतींतील तळमजल्याच्या दुकानदाराचें काय करावें. रात्रीं मायलेकरांनीं मिळून पन्नास मथळे पुरे केले, आणि ते बासष्टांवर गेले तेव्हां वहिनी म्हणाल्या, 'आतां पुरे, दूध उतूं जाईल.'

पांचहि कसोट्यांस विषय उतरला. गरज पुनःपुन्हां पडते, कारण एका इमारतीचें काम पांच-सहा वर्षें चालतें आणि प्रत्येक पायरीवर नवा प्रश्न उभा राहतो. घरांत ज्ञान आहे. इंग्रजींत लिहिणारे वकील पुष्कळ आहेत. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंस समजेल असें मराठींत लिहिणारा विरळा. उपाशी राहिलेला वाचक तो हाच.

हिशेबाचें पान

राहिला पैशाचा प्रश्न. तेथें हिशेबनिसाची विद्या कामास आली. एका घराची वार्षिक वर्गणी सहाशें रुपये धरली आणि तीनशें घरें मिळालीं, तर एक लक्ष ऐंशीं हजार होतात. महिन्यास पंधरा हजार. एवढ्यावर बायको व दोन मुलें असलेल्या मनुष्यानें नोकरी सोडावी काय? मुळींच नाहीं. परंतु पैसे देणारा दुसरा एक आहे, तो म्हणजे स्वतः संस्था. कार्यकारी मंडळास संदर्भासाठीं वर्षास चोवीसशें रुपये जड नाहींत. अशा शंभर संस्था मिळाल्या तर दोन लक्ष चाळीस हजार आणखी. दोन्ही मिळून चार लक्ष वीस हजार. त्यांतून छपाई, टपाल, आणि प्रत्येक अंक तपासणाऱ्या वकिलाचें मानधन वजा जाईल. हें मानधन आम्हीं अटीदाखल घातलें. कायद्याच्या विषयांत चूक झाली तर वाचकाचें घर जातें, आपला फक्त अंक जातो.

यावरून दोन निर्णय झाले. पहिल्या दोन वर्षांत नोकरी सोडावयाची नाहीं. आणि सहा लाखांपैकीं एक लाखास हात लावावयाचा. उरलेले पांच लाख वहिनींच्या व सूनबाईंच्या संयुक्त खात्यांत ठेवावयाचे. सूनबाई म्हणाल्या, 'मामंजी असते तर त्यांनींहि हेंच सांगितलें असतें.' आमच्या बंधूंची आठवण निघाली, म्हणून क्षणभर सर्वच गप्प झाले.

छापील नियतकालिकाची नोंदणी करावी लागते, हेंहि येथें सांगून ठेवतों. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा अंमलांत आला आहे, आणि अर्ज आतां संगणकावरूनच करतां येतो. आमच्या वेळीं यासाठीं मारलेल्या खेपा आठवल्या, कीं एवढ्यापुरता नवा काळ बरा वाटतो.

जाहिरातदाराची भेट

तीन अंक निघाले. चौथ्या अंकाच्या तयारींत असतां एका विकासकाचा मनुष्य घरीं आला. मोठा अदबशीर. वर्षभर पाठचें सबंध पान घ्यावयास ते तयार होते आणि त्याचे तीन लक्ष रुपये एकरकमी देणार होते. म्हणजे शेंसवाशें संस्थांची वर्गणी एका सहीनिशीं! जातां जातां त्यानें एवढेंच सुचविलें, कीं थकलेल्या भाड्याविषयींचा जो लेख पुढल्या अंकांत येणार असल्याचें कानांवर आलें आहे, तो 'जरा सौम्य' करतां आला तर पाहावें.

विषय निवडतांना सहावी एक कसोटी लावावयास हवी होती, ती आम्हीं विसरलों होतों. ती अशी: या विषयांत जो सर्वांत अधिक पैसे देऊं शकतो, त्याचें हित आणि वाचकाचें हित एकच आहे काय? पाककृतींच्या मासिकांत मसाल्याची जाहिरात आली तर फारसें बिघडत नाहीं. सभासदांच्या बाजूनें बोलणाऱ्या पत्रिकेंत विकासकाची जाहिरात आली, कीं दुसऱ्या दिवशीं तिच्या शब्दाची किंमत जाते. अमेरिकेंतील ग्राहकसंघाचें मासिक १९३६ पासून मालाची परीक्षा करून निर्णय छापतें, आणि ज्यांच्या मालाची परीक्षा करावयाची त्यांच्या जाहिराती तें घेत नाहीं. वाचकाच्या पैशावरच तें उभें आहे. आपल्याकडे १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचें ठाणें पार्ल्यास, म्हणजे आमच्या पुतण्याच्या अंधेरीच्या कचेरीपासून एका स्टेशनावर आहे. गटागटानें घरें जोडून, सभासदांच्याच बळावर तिनें आपलें काम वाढविलें. लाभाचा मार्ग अशा ठिकाणीं लांबचा असतो. परंतु तो असतो.

हें सर्व आम्हीं पुतण्यास सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. पण तीन लक्ष ही रक्कम त्याच्या डोळ्यांपुढून हालेना. घरीं मुलाच्या शिक्षणाचा खर्च उभा आहे. त्याला दोष देववत नाहीं. शेवटीं त्यानें आईकडे पाहिलें.

वहिनी निवडीत बसलेल्या तांदळांवरून नजर न काढतां म्हणाल्या, 'माझ्या पाटल्या गेल्या, त्याचें मला कधीं कांहीं वाटलें नाहीं. भाऊजींना वाटत असेल, मला वाटतें म्हणून. त्यांचें तें मासिक चाललें नाहीं, पण त्यांत लबाडी नव्हती. तुझें चालेल किंवा न चालेल. संध्याकाळीं लोक कागद घेऊन येतात, त्यांच्याकडे मला वर मान करून बघतां आलें पाहिजे, एवढेंच.'

पंचेचाळीस वर्षें आम्हीं मनावर वागविलेलें ओझें या बाईनें तांदळांतल्या खड्याप्रमाणें उचलून बाजूला टाकलें. आम्हांस कांहींच बोलतां आलें नाहीं. पुतण्यानें दुसऱ्या दिवशीं नकाराचें पत्र पाठविलें, आणि लेख होता तसाच छापला.

उपसंहार

आज या पत्रिकेचे दोनशें अकरा घरगुती वर्गणीदार व अडतीस संस्था आहेत. अजून ती नफ्यांत नाहीं, पण तोट्यांतहि नाहीं; लाखांपैकीं एकोणचाळीस हजार शिल्लक आहेत. पहिल्या वर्षींच्या वर्गणीदारांत नातलग सातच आहेत, आणि आमच्या मतें हा आंकडा सर्वांत अधिक आशादायक आहे. पुतण्या अद्याप सकाळीं घाटकोपरास गाडी बदलतो.

आमच्या वाचकांच्या घरांतहि असा कोणी होतकरू असेल. त्यास हिणवूं नये, आणि नुसती शाबासकी देऊन मोकळेंहि होऊं नये. त्याला सोबत घेऊन एक आठवडा दारांत बसावें, आणि घरीं कोण काय विचारावयास येतें तें टिपावें. एखाद्या घरीं आजींकडे लोक बाळंतिणीच्या आहाराचें विचारावयास येतात. एखाद्या घरीं काकांकडे निवृत्तिवेतनाचे अर्ज येतात. कोठें सूनबाईंकडे शाळाप्रवेशाच्या चौकशा येतात. लोक जें आपणहून विचारतात, त्याचेंच उत्तर ते पुढें पैसे देऊन घेतात. एकत्र कुटुंबाचे दोष आपण पुष्कळ ऐकतों; पण चार पिढ्यांचें ज्ञान एका छपराखालीं नांदतें, ही त्याची संपत्ति मात्र आपण मोजावयास विसरतों. आम्ही स्वतः ती मोजावयास विसरलों होतों, आणि ती स्वयंपाकघरांत भांडीं आवरीत होती.

पाटल्यांचें देणें अर्थात् बाकी आहे. येत्या दिवाळींत तें फेडावें असा आमचा विचार आहे. वहिनी घेतील कीं नाहीं, हें मात्र सांगवत नाहीं.